पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?

पत्राचा गोषवारा: वय अडतीस. एका कार्यालयात हिशेबाचं काम. सात महिन्यांपूर्वी ते पूर्णवेळचं अर्धवेळ झालं, भाडं थकलं, खोली सोडावी लागली. तेव्हापासून कधी मैत्रिणीकडे आठवडाभर, कधी महिलांच्या रात्रनिवाऱ्यात, दोन-तीनदा स्टेशनच्या प्रतीक्षालयात अशा रात्री काढल्या आहेत. ऑफिसात कुणाला माहीत नाही. परगावच्या ताईला ‘दोघींनी मिळून खोली घेतली आहे’ असं सांगितलंय. गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसच्या स्वच्छतागृहात केस धुताना एका सहकारी बाईंनी पाहिलं आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ‘काही माणसांना वळणच नसतं’ हे वाक्य कानावर आलं. पायाला जखम झाली म्हणून दवाखान्यात गेल्या, तर नोंदणीच्या खिडकीवर पत्ता मोठ्यानं विचारला गेला, तेव्हा न दाखवताच परत आल्या. त्या लिहितात: ‘निवाऱ्यातल्या इतर बायकांसारखी मी नाही. मी शिकलेली आहे, काम करते. खोली मिळेपर्यंत हे कुणाला कळू नये, एवढंच बघायचं आहे. कसं जमवू? कधी कधी वाटतं, दिसेनासंच व्हावं.’ आणि ताजा कलम: ‘दुसरीकडे पूर्णवेळच्या नोकरीचा अर्ज भरायचा आहे. पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?’

आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य बाजूला घेऊ. ‘दिसेनासंच व्हावं.’ लोकांच्या नजरेतून सुटका हवी, एवढाच त्याचा अर्थ असेल तर पुढचं सगळं उत्तर त्यासाठीच आहे. पण ‘जगणं नको’ असा अर्थ असेल, अगदी अधूनमधून का असेना, तर ते आजच एखाद्या माणसाला याच शब्दांत सांगा: डॉक्टरांना, निवाऱ्यातल्या कार्यकर्तीला किंवा आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनवर. आडवळणानं सांगितलं की ऐकणारा ‘कंटाळा आलेला दिसतोय’ असं समजतो आणि चार शब्द धीराचे बोलून मोकळा होतो. थेट सांगितलं की त्यालाही थेट वागावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. लपवायचं कसं हे विचारण्यात गैर काही नाही. ‘लपवताय कशाला, ताठ मानेनं सांगा’ असा सल्ला ज्याच्या खिशात घराची किल्ली आहे त्याला फार सोपा वाटतो. तुमची नोकरी टिकायला हवी, दुसरी मिळायला हवी, आणि बेघर हा शब्द कानावर पडला की समोरच्याचा आवाज बदलतो हे तुम्ही पाहिलेलं आहे. तेव्हा लपवण्याची रीतसर माहिती खाली देतोच. त्याआधी एक हिशेब मात्र मांडू, कारण हिशेब तुमच्याच कामाचा भाग आहे.

एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली सामाजिक कलंकाची एक साधी विभागणी मांडली. काही जणांचा डाग समोरच्याला आधीच दिसत असतो. काहींचा अजून दिसलेला नसतो, पण केव्हाही दिसू शकतो. पहिल्यांना लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, दुसऱ्यांना माहिती सांभाळावी लागते. कुणाला काय सांगितलं, कोण कुणाशी बोलतं, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर दिलं होतं, याची वही सतत डोक्यात उघडी ठेवावी लागते. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. म्हणजे तुम्ही दोन अर्धवेळ कामं करताय, आणि त्यातलं दुसरं बिनपगारी आहे. हे काम पूर्ण सोडता येणार नाही. कमी मात्र करता येईल.

ते वाढलंय कशामुळे, तर तुम्ही सगळ्यांना एकच नियम लावलाय म्हणून. ऑफिसातल्या बाई, ताई, दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस, नव्या नोकरीचा अर्ज, सगळ्यांसाठी एकच: कळू नये. पण या चौघांना कळल्याचे परिणाम अगदी वेगळे आहेत. सहकारी बाईंना कळलं तर तुमचा फायदा शून्य, तोटा बराच. ताईला कळलं तर दोन दिवस रडारड होईल, पण त्यानंतर तुमच्याकडे एक खरा पत्ता असेल. खिडकीवरच्या माणसाला कळलं तर तो अर्ध्या तासात विसरेल. प्रत्येकाचा नियम वेगळा करा. गुपित ठेवणं आणि लाज वाटणं या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत गुंतल्या आहेत. सहकाऱ्यांपासून घरची परिस्थिती दूर ठेवणं हा प्रत्येक नोकरदाराचा हक्क आहे, भलं मोठं घर असलेल्याचाही.

लोकांना किती दिसतं, याचाही थोडा अंदाज घेऊ. थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात आलं होतं जेमतेम पाव लोकांच्या. तुमचा तोच कुर्ता आठवड्यात दोनदा, तुमचं ऑफिसात लवकर येणं, हे त्या टी-शर्टसारखं आहे. पण तीन गोष्टी मात्र लोकांच्या नक्की लक्षात येतात: वास, मोठी पिशवी, आणि पेंगुळलेला चेहरा. आपली शक्ती तिथे लावा.

वासापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याची असते आणि सगळ्यात चुकीचे उपायही त्यावरच होतात. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम फोडतात तेव्हा वास येतो. म्हणजे आंघोळ मिळाली नाही तरी काख, जांघ आणि पाय रोज धुतले गेले तर निम्म्याहून अधिक काम झालं. दोन लिटर पाणी आणि दोन छोटी सुती फडकी पुरतात. एक फडकं साबणाचं, एक साध्या पाण्याचं. क्रम चेहरा, मान, काखा, जांघा आणि शेवटी पाय. उलट्या क्रमानं केलं तर पायाची बुरशी वर जाते. बोटांच्या बेचक्या कोरड्या होईपर्यंत मोजे चढवायचे नाहीत. दहा मिनिटांत होतं आणि बंद दाराच्या शौचालयातही करता येतं. केस मात्र तिथे नकोत. केसांना वेळ लागतो, जमिनीवर पाणी सांडतं, आणि तुमचं बिंग त्यामुळेच फुटलं. ते निवाऱ्यातल्या आंघोळीच्या वेळेत किंवा मैत्रिणीकडे, आठवड्यातून दोनदा. दुसरा इलाज नसेल तर लिटरच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईनं सहा-सात भोकं पाडा. दीड बाटलीत मध्यम लांबीचे केस धुऊन होतात, साबण कमी घेतला तर.

कपड्यांत पॉलिस्टर टाळा. सुतापेक्षा त्यात घामाचा वास जास्त बसतो आणि धुऊनही रेंगाळतो. रोज अख्खा कपडा धुण्याची गरज नाही. रात्री फक्त काखेचा भाग आणि कॉलर साबणानं चोळायची, खळबळायची, मग कोरड्या टॉवेलात कपडा ठेवून घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघतं. वारा लागेल अशा ठिकाणी टांगला तर पातळ सुती कपडा सकाळपर्यंत वाळतो. जमलं नाही तर किंचित दमट कपडा अंगावर घाला, पण ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. काही तासांत कुबट वास धरतो आणि तो वास पिशवीतल्या कोरड्या कपड्यांनाही लागतो. मग अत्तर मारावंसं वाटतं. मारू नका, कुबट वासावर अत्तर मारलं की चार खुर्च्यांपलीकडचा माणूसही मान वळवतो.

पायाची जखम ही तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट आहे आणि तुम्ही ती कंसात लिहिली आहे. बेघर माणसाचे पाय हे त्याचं वाहन असतं. दिवसभर बूट, रात्रीही चोरीच्या भीतीनं बूट, अशानं कातडी पांढरी, मऊ, सुरकुतलेली होते आणि मग साधं घासलेलंही चिघळतं. झोपताना मोजे काढाच. बूट पिशवीच्या पट्ट्याला बांधून उशाशी ठेवा. आतला तळवा काढून, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवले तर ओल खेचली जाते. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. जखमेभोवती लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल, ताप असेल, तर वाट पाहू नका. दवाखान्याच्या खिडकीकडे पुन्हा येऊच.

पाळीच्या दिवसांत काही काळापुरता पर्यावरणाचा विचार बाजूला ठेवा. कापडी पॅड स्वस्त पडतात खरे, पण ते उन्हात खडखडीत वाळावे लागतात, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाही. वापरून टाकायचे घ्या आणि दोन दिवसांचे कायम कामाच्या पिशवीत असू द्या.

पिशवी. सगळा संसार पाठीवर घेऊन ऑफिसात येणं हे पत्ता नसल्याचं सगळ्यात मोठं जाहीर निवेदन आहे. सामानाचे दोन भाग करा. एक कामाची पिशवी, इतरांसारखीच: पाण्याची बाटली, एक कपडा, फडकी, पॅड, चार्जर. दुसरी मोठी, जी निवाऱ्यातल्या कुलुपाच्या कप्प्यात किंवा मैत्रिणीच्या पलंगाखाली राहते. मैत्रीण झोपायला जागा देऊन थकली असेल, पण बॅग ठेवायला बहुधा नाही म्हणणार नाही. मूळ कागदपत्रं रोज बरोबर फिरवू नका. प्रत्येकाचा फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. फोन हरवला तरी कुठल्याही संगणकावरून निघेल. आणि पाच महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून तो कागद अंगावरच्या कपड्यात ठेवा. फोन चोरीला जातो तेव्हा नंबर पाठ नसणं हे संकट फोन जाण्यापेक्षा मोठं निघतं. पॉवर बँक घेताना लक्षात ठेवा, १०,००० एमएएचची बँक प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच देते, बाकी रूपांतरात जातं. तुमचा फोन पाच हजारांचा असेल तर तो एकदा पूर्ण भरेल, वर थोडंसं उरेल.

पेंगुळलेल्या चेहऱ्यावर मात्र पावडर लावून भागत नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं १९९७ साली एका अभ्यासात मोजलं गेलं. प्रतीक्षालयातल्या रात्रीनंतर तुमची बेरीज चुकते, तुम्ही चिडता, आणि ऑफिसातले म्हणतात, बाई आळशी झाल्या. तुमच्या स्वभावाविषयीचं त्यांचं मत खरं तर तुमच्या झोपेविषयीचं असतं. तेव्हा निवाऱ्यात जागा मिळत असताना लाजेपायी स्टेशनवर रात्र काढणं हा सर्वांत महागडा व्यवहार आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही तो दोन-तीनदा तरी याच कारणानं केलाय.

इथे आपण तुमच्या त्या वाक्याशी येतो: ‘त्या बायकांसारखी मी नाही.’

ते वाक्य जवळपास प्रत्येक बेघर माणूस कुणाबद्दल तरी बोलतो. गाडीत झोपणारा निवाऱ्यातल्यांबद्दल बोलतो, निवाऱ्यातला फुटपाथवरच्यांबद्दल, आणि फुटपाथवरचा दारू पिणाऱ्या शेजाऱ्याबद्दल. त्यानं घटकाभर बरं वाटतं. पण त्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे: बेघर होतात ती माणसं मुळात वेगळ्या मातीची असतात. तेच गृहीतक तुमच्या सहकारी बाईंच्या ‘वळण’ या शब्दात आहे. म्हणजे त्यांचा निकाल तुम्ही मान्य केलाय, फक्त स्वतःपुरतं अपील केलंय.

लोकांना ते गृहीतक इतकं का आवडतं, याचा शोध मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६६ मध्ये घेतला होता. एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं प्रेक्षकांना दाखवलं (झटके खोटे होते, प्रेक्षकांना ते माहीत नव्हतं). ज्यांना तिची सुटका करणं शक्य होतं त्यांनी ती केली. ज्यांना काहीच करता येत नव्हतं त्यांनी हळूहळू तिलाच नावं ठेवायला सुरुवात केली. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा तर झटके खाणारीचं काहीतरी चुकलेलं असलंच पाहिजे. तुमच्या सहकारी बाईंचं वाक्य तुमच्याविषयी काही सांगत नाही. ‘माझ्यावर ही वेळ येणार नाही’ असं त्या स्वतःला सांगत आहेत.

आणि निवाऱ्यातल्या ज्या बाईला व्यसन आहे, तिचं काय? तिथेही क्रम उलटा असू शकतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग सुरू केला: व्यसन सोडा, उपचार घ्या, मग घर देऊ ही अट काढून टाकून आधी घर दिलं, बाकीचं नंतर. जाणकारांना वाटलं होतं, ही माणसं घर टिकवणार नाहीत. बहुतेकांनी टिकवलं. फिनलंडनं २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. छप्पर हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस मानलं की माणूस बाहेरच राहतो, असा त्यातला अनुभव आहे.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण तत्त्वज्ञानाचं नाही, व्यवहाराचं आहे. कुठल्या निवाऱ्यात रात्री नऊनंतर दार बंद होतं, कुठल्या दवाखान्यात पत्ता मागत नाहीत, कोण घरमालक अनामत हप्त्यानं घेतो, कुठल्या कार्यकर्तीनं दिलेलं पत्र चालतं, ही माहिती कुठे छापलेली नसते. ती त्या बायकांकडे आहे. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता म्हणून ती तुमच्यापर्यंत आलेली नाही. सुझन फिस्क आणि लसाना हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं, तेव्हा बेघर माणसाचा फोटो बघताना, दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करताना मेंदूचा जो भाग जागा होतो तो फारसा जागा झाला नाही. पण ‘या माणसाला ही भाजी आवडत असेल का?’ एवढाच प्रश्न विचारून तसेच फोटो दाखवले की तो भाग कामाला लागला. आज रात्री शेजारच्या पलंगावरच्या बाईला एक फुटकळ प्रश्न विचारा. ‘इथे कपडे वाळायला कुठे टाकता?’ पुरे आहे.

तुम्ही स्वतःला बेघर म्हणायचं की नाही, याचाही घोळ पत्रात आहे. ‘तशी मी बेघर नाही, सोय बदलत असते एवढंच.’ युरोपात २००५ पासून वापरात असलेल्या एका वर्गीकरणात छप्पर नसलेले, निवाऱ्यात राहणारे, दुसऱ्याच्या घरी नाइलाजानं तात्पुरते राहणारे आणि राहण्यायोग्य नसलेल्या जागेत राहणारे, हे चारही प्रकार धरलेले आहेत. बायका बहुधा तिसऱ्या प्रकारात असतात, म्हणून मोजणीत सापडत नाहीत. शब्द चारचौघांत वापरायची सक्ती नाही. पण अर्जाच्या खिडकीवर, जिथे त्या शब्दावर काही मदत अडलेली असते, तिथे तो बिनदिक्कत वापरा. तिथे तो तुमचं वर्णन नाही, पात्रतेची अट आहे.

आता सहकारी बाई. त्यांना किंवा इतर कुणाला उत्तर द्यायची वेळ आली तर खोटं बोलू नका. नीतीसाठी नव्हे, खोटं लक्षात ठेवावं लागतं म्हणून. खरं पण अर्धं वाक्य तयार ठेवा. ‘सध्या राहते तिथे पाण्याची अडचण आहे, म्हणून इथे आवरलं.’ किंवा ‘राहण्याची सोय बदलतेय, थोडी धावपळ आहे.’ दोन वाक्यं, आणि लगेच कामाचं काहीतरी: ‘ती बिलं तुमच्याकडे आहेत का?’ तिसरं वाक्य बोलू नका. लोक दुसऱ्या वाक्यापर्यंत विश्वास ठेवतात. आपण तिसरं बोलायला लागलो की त्यांना संशय येतो. हे आरशासमोर चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहा, कारण ऐनवेळी शब्द नव्हे, आवाज फसतो. ‘वळणा’च्या टोमण्याला उत्तर देऊ नये असं आमचं मत. तो टोमणा परत झाला आणि त्याचा कामावर परिणाम व्हायला लागला, तर वरिष्ठांकडे जा, पण तिथेही विषय ‘माझ्याबद्दल असं बोललं जातं’ हा ठेवा, ‘मी कुठे राहते’ हा नव्हे. वरिष्ठांना घराबद्दल सांगायचं ते फक्त एखादी ठोस मागणी असेल तेव्हाच: वेळ अर्धा तास पुढे सरकवून हवी आहे, कुलूप लागेल असं कपाट हवं आहे. मागणीशिवाय सांगितलेली अडचण ही बातमी होते.

दवाखान्याची खिडकी. पुन्हा जाल तेव्हा घरून, म्हणजे जिथे असाल तिथून, एक चिठ्ठी लिहून न्या: नाव, वय, फोन, ‘सध्या कायमचा पत्ता नाही, पत्रव्यवहार फोनवर करावा’, आणि खाली काय होतंय ते एका ओळीत. चिठ्ठी खिडकीतून आत सरकवा. माणूस हातात कागद आला की वाचतो, ओरडत नाही. सकाळी उघडताना किंवा दुपारी रांग ओसरल्यावर जा. तरीही त्यानं मोठ्यानं विचारलं, तर तुम्ही आवाज कमी करून सांगा: ‘त्यात लिहिलंय.’ पत्त्याशिवाय नोंद होणार नाही म्हणाला, तर वाद न घालता तीन गोष्टी विचारा: हा नियम कुठला, तो लेखी मिळेल का, आणि यावर कुणाशी बोलू. बऱ्याचदा पहिल्याच प्रश्नाला नियम विरघळतो. नाही विरघळला तर तारीख, वेळ, खिडकी क्रमांक लिहून ठेवा आणि निवाऱ्यातल्या कार्यकर्तीला सोबत घेऊन जा. सोबतीला माणूस असला की त्याच खिडकीवरचा आवाज कसा बदलतो, ते बघण्यासारखं असतं. चीड येते, पण काम होतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक ओळ मध्येच घालतो. घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडला असाल, तर नातेवाईकांना सांगण्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी ठावठिकाणा न कळणं हीच सुरक्षितता आहे. तो फक्त निवाऱ्याच्या आणि कायदेशीर मदतीच्या लोकांनाच माहीत असू द्या, आणि फोनमधलं लोकेशन शेअरिंग आत्ताच तपासा.

खोली शोधतानाही तोच नियम: खरं, पण गरजेपुरतंच. घरमालकाला तुमची गोष्ट नको असते, भाड्याची खात्री हवी असते. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, वरिष्ठांचं दोन ओळींचं पत्र, आणि ‘मधले सात महिने तात्पुरत्या निवासात होते’ हे एक वाक्य. थकलेल्या भाड्याबद्दल विचारलं तर ते किती होतं आणि आतापर्यंत किती फेडलं, आकड्यांत सांगा. आकडा सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. खोली मिळाल्यावर हे सगळं एका रात्रीत संपेल असं मात्र धरून चालू नका. पहिले काही आठवडे पिशवी भरलेलीच राहील, दार दोनदा तपासलं जाईल, ऑफिसातून निघताना पोटात गोळा येईल. तसं झालं तर आपल्यात काही बिघडलंय असं समजू नका. सात महिने शरीर पहाऱ्यावर होतं, त्याला खाली उतरायला वेळ लागतो.

राहिला अर्जाचा रकाना. तिथे मनानं रचलेला पत्ता कधीही लिहू नका, आणि सोडलेल्या खोलीचाही नाही. पडताळणीचं पत्र परत आलं की तुम्ही बेघर ठरत नाही, खोटारड्या ठरता, आणि त्यातून नोकरी परत मिळत नाही. निवाऱ्याचा पत्ता चालतो, काही निवारे पत्रं ठेवूनही घेतात. पण ते विचारून घ्या आणि पत्रं किती दिवस ठेवतात तेही विचारा. अर्जासोबतच्या परिचयपत्रात पत्ता नसला तरी चालतो, गावाचं नाव आणि फोन पुरतो. अर्जातल्या रकान्यासाठी सगळ्यात चांगला पत्ता ताईचा. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ म्हणून, पुढे ‘द्वारा’ लिहून. ती परगावी असली तरी हरकत नाही. पत्र आलं की फोटो काढून पाठवेल. ‘सध्याचा निवास’ असा वेगळा रकाना असेल तर ‘तात्पुरता निवास’ आणि गावाचं नाव. मुलाखतीत विचारलंच, तर पाण्याच्या वाक्यासारखं एक अर्धं वाक्य.

म्हणजे अर्ज भरण्याआधी ताईला फोन करावा लागणार. आधी ठरवा, तिच्याकडून काय हवं आहे. नुसतं ‘ताई, मी बेघर आहे’ असं सांगितलं तर ती घाबरून सगळं एकदम करायला धावेल: ये म्हणेल, पैसे पाठवेल, चार नातेवाइकांना फोन लावेल, तुझं चुकलंच म्हणेल. तेव्हा सुरुवातच मागणीनं करा. ‘ताई, मी तुझ्याशी एक गोष्ट खोटं बोलले होते. मार्चपासून’, किंवा जो महिना असेल तो, ‘माझ्याकडे खोली नाही. मी सुरक्षित आहे, कामावर जाते. मला सध्या तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात: पत्रांसाठी तुझा पत्ता, आणि हे तू कुणाला सांगू नयेस.’ पुढे ती जे बोलेल ते ऐकून घ्या. ती सगळ्यात आधी विचारेल, इतके महिने मला का नाही सांगितलंस. त्याला सफाई नको. ‘लाज वाटली’ एवढंच सांगा. ती चिडून फोन ठेवण्याची शक्यता आहे. ठेवला तर दोन दिवस जाऊ द्या; पहिल्या फोनला माणूस धक्क्याला उत्तर देतो, आपल्याला नाही. सुट्टीच्या दिवशी, फोन पूर्ण चार्ज करून, निवाऱ्याच्या दाराबाहेर नव्हे तर बसायला जागा असेल अशा ठिकाणाहून करा. बोलणं तासभर चालेल.

आणि फोन ठेवण्यापूर्वी तिच्याकडून पत्ता पिनकोडसकट नीट लिहून घ्या.